एका बाटलीची मुदत ठेव

‘जुनं ते सोनं’ ही म्हण ज्या कुणी काढली, त्याच्या घरात गोड वाइनची बाटली नसावी अशी माझी खात्री आहे. असलीच, तर ती त्याने उघडून पाहिलेली नसावी. सोनं जुनं होऊन सोनंच राहतं, हा सोन्याचा स्वभाव आहे. त्यात जपणाऱ्याचं काही कर्तृत्व नाही. पण या म्हणीच्या भरवशावर आपल्याकडे माणसं काय काय जुनं करत बसतात! दिवाळीत आलेला सुक्या मेव्याचा डबा, लग्नात आलेला डिनरसेट, कुणीतरी दुबईहून आणलेलं चॉकलेट आणि शोकेसमधली बाटली. माझं भांडण यातल्या शेवटच्या वस्तूपुरतं आहे. बाकीच्यांची वकिली ज्याची त्याने करावी.

आता तुम्ही विचाराल की, या विषयावर बोलणारे तुम्ही कोण? प्रश्न रास्त आहे. मी एका बँकेत क्लार्क आहे. शिक्षण बी. कॉम., सेकंड क्लास. पेला गोल गोल फिरवून, डोळे मिटून, ‘यात मागाहून जांभळाचा भास होतो’ असं म्हणणाऱ्या मंडळींपैकी मी नव्हे. मला जांभळाचा भास फक्त जांभूळ खाताना होतो. माझा अधिकार एवढाच, की गोड वाइनची एक बाटली मी २००८ सालापासून २०२२ सालापर्यंत, म्हणजे चांगली चौदा वर्षं, मन लावून आणि अतिशय प्रामाणिकपणे खराब केली आहे. इतका दीर्घ अनुभव असलेला माणूस आमच्या शाखेत तरी दुसरा नाही.

त्याचं असं झालं. २००८ च्या नोव्हेंबरात आमच्या पुण्यातल्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. होमाचा धूर अजून डोळ्यांत होता. तेवढ्यात मडगावच्या मामांनी मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं आणि टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली माझ्या हातात ठेवली. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला तेव्हा ते अठरा वर्षांचे. शाळा पोर्तुगीजमधून, पुढची नोकरी मराठी शाळेत हेडमास्तरची, आणि रात्री जेवणानंतर गोड वाइनचा एवढासा पेला, हा त्यांचा नेम. एवढासा म्हणजे आपण औषध घेतो तेवढा. दुसरा मागितलेला मी कधी पाहिला नाही.

“पोर्ट वाइन आहे,” मामा हळूच म्हणाले. “आपल्या मडगावच्या बाजारातली. परवान्याचा कागद पण आहे बरोबर. तू भित्रा, म्हणून मुद्दाम करून घेतला. एखादा चांगला दिवस बघ आणि उघड.”

बाहेर गुरुजी पानावर बसत होते. मी ती बाटली टॉवेलासकट तांदळाच्या डब्यात खुपसली. परवान्याचा कागद मात्र लगेच फाईलला लावला. (तो अजून उत्तम स्थितीत आहे. ज्याला कुणाला जुनं ते सोनं बघायचं असेल त्याने येऊन तो कागद बघावा.)

‘चांगला दिवस बघ.’ या तीन शब्दांनी घात केला. मध्यमवर्गीय माणसाला असं कधी सांगू नये. त्याला चांगला दिवस ओळखता येत नाही असं नाही, पण याहून चांगला दिवस पुढे येणार असेल तर आजच खर्च कशाला करा, हे त्याच्या रक्तात असतं. पहिला चांगला दिवस आला तो २०११ च्या एप्रिलात. धोनीने षटकार मारला, आपण वर्ल्ड कप जिंकला, सगळी सोसायटी खाली उतरली. माझा हात शोकेसच्या काचेपर्यंत गेलासुद्धा होता. सौ. म्हणाली, “आता एवढ्या रात्री कुठे उघडता?” पुढे मला ऑफिसरची बढती मिळाली. बढतीबरोबर बदली होती, म्हणून मी ती नाकारली. आता आनंद कशाचा करायचा, मिळाल्याचा की नाकारल्याचा, यावर घरात एकमत झालं नाही. मग कन्येला दहावीत एक्क्याण्णव टक्के पडले. म्हटलं, बारावी होऊ दे. बारावीचं वर्ष करोनात गेलं. बाटली आपली होती तिथेच.

या दिरंगाईच्या मागे आळस नव्हता, तत्त्वज्ञान होतं. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हे मला ठाऊक होतं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. आपल्या घरांतून ते वाऱ्यावरच असतं. भाताला जुना तांदूळ चांगला, औषधाला जुनं तूप आणि जुना गूळ चांगला, लिंबाचं लोणचं मुरलेलं चांगलं. माझी आजी कपाटात द्राक्षासवाची बाटली ठेवायची आणि नवीन आणलेली मागे सारून जुनी पुढे काढायची. तिचं चूक नव्हतं. आसवं जुनी झाली की अधिक गुणकारी होतात, असं शार्ङ्गधरसंहितेतच म्हटलं आहे. द्राक्षासव द्राक्षांचं, वाइनही द्राक्षांची. दोन्ही गोड, दोन्ही आंबवलेली. तेव्हा जो न्याय आजीच्या बाटलीला तोच मामांच्या बाटलीला, असा मी हिशेब केला. आमच्या कॉमर्समध्ये याला ‘मागील बाकी पुढे ओढणे’ म्हणतात.

त्यात माझा धंदा बँकेचा. दिवसभर काउंटरवर लोकांना सांगायचं, ‘मोडू नका, राहू द्या, मुदत पुरी होऊ द्या.’ घरी आल्यावर तेच तोंड एकदम वेगळं कसं बोलणार? मी त्या बाटलीकडे मुदत ठेवीच्या नजरेने बघू लागलो. दर वर्षी काहीतरी व्याज आत जमा होतं आहे, असं मला वाटायचं. कधी कधी काचेतून बघताना ती थोडी भरल्यासारखीही वाटायची.

आणि इथे माझा मुख्य मुद्दा येतो. वाइनची बाटली ही मुदत ठेव नव्हे. ज्या खात्यात दोन वर्षं खातेदाराने काही उलाढाल केली नाही, त्याला आम्ही बँकेत ‘निष्क्रिय’ म्हणतो. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ साली काढलेल्या एका निधीत जाते. पण तिथूनसुद्धा, खातेदार किंवा त्याचा वारस कागदपत्रं घेऊन उभा राहिला, तर पैसे परत मिळतात. बाटलीला ही सोय नाही. तिथे व्याज तर नाहीच, मुद्दलही जातं, आणि अर्ज करायला कुठली खिडकी नसते.

आता ही बाटली आम्ही ठेवली कुठे, तेही ऐका. पहिली काही वर्षं ती शोकेसमध्ये होती. डावीकडे मुलीची ट्रॉफी, उजवीकडे काचेचा ताजमहाल, मधोमध ही. समोर पश्चिमेची खिडकी. संध्याकाळचं ऊन बरोबर बाटलीवर पडायचं आणि आतला लाल रंग असा काही पेटायचा, की आलेला पाहुणा आधी तिकडेच बघायचा. मग सौ.ला वाटलं, मुलगी मोठी होते आहे, हे समोर नको. म्हणून बाटली फ्रीजवर गेली. फ्रीजमध्ये नव्हे, फ्रीजवर. तिथे ती दिवसरात्र फ्रीजच्या गरम उसाशावर, त्याच्या घरघरीबरोबर थरथरत उभी राहिली. मग तिथे मिक्सर आला आणि बाटलीची रवानगी माळ्यावर झाली. आमचा मजला शेवटचा. एप्रिल-मे महिन्यात माळ्यावर हात घातला तर पितळी भांडी चटका देतात. त्या भांड्यांच्या शेजारी ती बाटली पाच उन्हाळे राहिली. सगळीकडे उभीच. आमच्याकडे बाटली आडवी करतात ती फक्त शेवटचं खोबरेल काढायला.

मामा मधल्या काळात तीनदा आले. २०१० साली, २०१३ साली आणि २०१७ साली. पहिल्या दोन खेपांना ते शोकेससमोरच्या सोफ्यावर बसायचे. आम्ही त्यांना पोहे द्यायचो, चहा द्यायचो, रात्री मुगाची खिचडी द्यायचो. त्यांची नजर शोकेसकडे जायची आणि परत यायची. एकदाच म्हणाले, “शोकेस छान केलंय हो.” मला केवढा अभिमान वाटला! बघा, मामांनी दिलेली वस्तू आम्ही कशी जपली आहे. तिसऱ्या खेपेला बाटली माळ्यावर होती. मामांनी शोकेसकडे एकदा पाहिलं, मग वर्तमानपत्र उघडलं. तिचं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात मामा पुन्हा आले. वय एकोणऐंशी. मोतीबिंदूसाठी पुण्यात आले होते, आठ-दहा दिवस राहणार होते. मधली दोन वर्षं सगळ्यांचीच जशी गेली तशी आमचीही गेली होती. आमच्या शाखेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. त्या रात्री जेवणं झाल्यावर सौ. आपण होऊन म्हणाली, “आज उघडा हो ती बाटली. मामा आलेत, तुम्ही आहात, मी आहे. आणखी कसला चांगला दिवस असतो?”

मी शिडी लावली. बाटली हाताला चिकटली. बुचाच्या खालून काहीतरी पाझरून मानेवर वाळलं होतं आणि त्यावर मुंग्यांची एक शिस्तशीर रांग होती. म्हणजे आमच्या घरात वाइन चाखायचा पहिला मान मुंग्यांनी घेतला. बूच निम्मं बाहेर आलं, निम्मं भुगा होऊन आत पडलं. सौ.ने चहाची गाळणी धरली. पेल्यात जे उतरलं ते लाल नव्हतं, चिंचेच्या कोळासारखं होतं. मामांनी पेला ट्यूबलाइटसमोर धरला. मग नाकाशी नेला. मग टेबलावर ठेवला.

“किदें रे हें?” मामांची मूळ भाषा फार दुखावल्याशिवाय बाहेर येत नाही. “अरे, मी तुला प्यायला दिली होती. तू तिला मखरात बसवलीस.”

“पण मामा, वाइन जुनी झाली की...”

“कोण म्हणतं?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मग हेडमास्तरांनी तास घेतला. तो मी तुमच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण माझ्यासारखे आणखी बरेच जण शिडी लावायच्या बेतात असतील.

खरी पोर्ट वाइन पोर्तुगालमधल्या डोउरो नदीच्या खोऱ्यातली. त्या भागाची हद्द १७५६ सालीच आखून दिलेली आहे. द्राक्षाचा रस आंबत असतो, साखरेची दारू होत असते. निम्मी साखर शिल्लक असताना त्यात द्राक्षाचाच कडक मद्यार्क ओततात. त्याने आंबवणारं यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून ती गोड आणि म्हणूनच नेहमीच्या वाइनपेक्षा जोरकस, विसाच्या आसपास टक्के. युरोपात दुसऱ्या कुणाला हे नाव लावता येत नाही. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून जी मिळते ती साधी, गोड, लाल वाइन. नावाने पोर्ट, पण जोर त्याहून कमी. बाजारातून आणावी, गार करावी, महिना-दोन महिन्यांत चार माणसांत संपवावी. तिच्यावर प्रेम करावं, पण तिच्याकडून चिरंजीवित्वाची अपेक्षा करू नये.

वाइनचे शत्रू तीन: उष्णता, उजेड आणि हवा. बारा-तेरा अंश सेल्सिअसचं कायम गार, अंधारं, न हलणारं ठिकाण तिला मानवतं. मी शोकेसमध्ये ठेवून उजेड दिला, फ्रीजवर ठेवून उष्णता दिली आणि माळ्यावर ठेवून उरलीसुरली उष्णता दिली. हवेचं काम बुचाने केलं. बुचाची बाटली बरीच वर्षं ठेवायची तर आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओलं राहतं. उभी ठेवली की ते वाळतं, आक्रसतं आणि हवा आत शिरते. उन्हाळ्यात आतला द्रव फुगून बूच वर ढकलतो आणि बाहेर पाझरतो. त्याच वाटेने मुंग्यांना आमंत्रण जातं.

“एवढं सगळं वाईट तुला एकट्याला कसं जमलं?” मामांनी विचारलं. मी सौ.कडे पाहिलं. सौ. गाळणी धुवायला आत गेली.

आता खराब झालेली वाइन ओळखायची कशी, तर नाकाने. आंबट, झणझणीत वास आला तर तिचा व्हिनेगर होऊ लागला आहे. व्हिनेगर या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थच मुळी ‘आंबट वाइन’. हवा मिळाली की जिवाणू दारूचं आम्ल करतात. या रोगांचा छडा फ्रान्समध्ये लुई पाश्चरने लावला आणि १८६६ साली वाइनवरचं त्याचं पुस्तक निघालं. आपण त्याला दुधाच्या पिशवीवरून ओळखतो, पण सौम्य तापवून जंतू मारायची त्याची ती युक्ती आधी वाइनसाठी होती. दुसरा वास नखांचा रंग पुसायच्या द्रवाचा. तोही त्याच घराण्यातला. तिसरा, मार लागून तपकिरी पडलेल्या सफरचंदाचा. म्हणजे हवा लागून ती शिळी झाली आहे. चौथा वास मला मामांनी ‘भिजलेला पुठ्ठा’ म्हणून सांगितला, आणि मी लगेच ओळखला. जुलै महिन्यातली आमची रेकॉर्ड रूम! तो बुचाचा दोष असतो, ठेवणाऱ्याचा नव्हे. चौदा वर्षांत मला निर्दोष ठरवणारा हा एकच वास होता, आणि नेमका तोच आमच्या बाटलीला नव्हता.

वासानंतर डोळे. जी वाइन फसफसणारी नाही तिच्यातून बुडबुडे यायला लागले, उघडताना फुस्स झालं, ती गढूळ दिसली, तर समजावं, आत मेल्यासारखं पडलेलं यीस्ट उरलेल्या साखरेवर पुन्हा जेवायला बसलं आहे. हा रोग कमी जोराच्या गोड वाइनचा खास. रंग मात्र एकटा साक्षीदार धरू नये. लाल वाइन विटकरी झाली, पांढरी गोड वाइन तपकिरी झाली तर संशय घ्यावा, पण काही वाइन मुळातच तशा असतात. ‘टॉनी’ नावाची पोर्ट बाटलीत भरतानाच पिंगट. आणि तळाशी खडीसाखरेसारखे बारीक खडे दिसले तर बाटली मोरीत ओतायला धावू नये. चिंचेत जे आम्ल असतं त्याचाच तो क्षार. निरुपद्रवी. वरची वाइन हळू ओतून घ्यावी.

एवढं करून चुकून घोट गेलाच, तर घाबरू नये. खराब वाइनने सहसा जीव जात नाही, चव जाते. आणि ‘टाकायची कशाला, स्वयंपाकात वापरू’ हा आपला राष्ट्रीय विचारही मनात आणू नये. विंदालू हा शब्द पोर्तुगीजांच्या वाइन आणि लसणीवरून आला हे खरं, पण ती वाइन फुकट गेलेली असावी असं त्यांनी कुठे म्हटलेलं नाही.

इथे माझे विरोधक उभे राहतील. मी त्यांना ओळखतो. एक आमचे साडू, जे एकदा लंडनला जाऊन आले. दुसरे आमचे हेड कॅशियर, जे कुठेच गेले नाहीत, पण ठामपणात साडूंना ऐकत नाहीत. ते म्हणतील, परदेशात पन्नास-पन्नास वर्षांच्या गोड वाइन लिलावात जातात, त्याचं काय? जातात ना. फ्रान्सच्या सोतेर्न गावची, विशिष्ट बुरशी लागलेल्या द्राक्षांची वाइन दशकानुदशकं टिकते. हंगेरीची तोकाय टिकते. खास चांगल्या वर्षांची ‘व्हिंटेज’ पोर्ट तर बाटलीत मुरवण्यासाठीच केलेली असते. पण त्या वाइनमध्ये तेवढी साखर, तेवढं आम्ल किंवा तेवढा जोर मुळातच असतो, आणि शिवाय त्या गार तळघरात, अंधारात, आडव्या पडून म्हाताऱ्या होतात. त्यांच्या शेजारी काचेचा ताजमहाल नसतो. सचिन चाळीशीपर्यंत खेळला म्हणून सोसायटीच्या टीमने काकांना ओपनिंगला पाठवू नये. जगातली बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत पिऊन संपवायचीच असते. साधी रूबी पोर्टसुद्धा बाटलीत भरली की प्यायला तयार असते. ठेवून ती सुधारत नाही.

साडूंनी एक डाव मात्र चांगला टाकला होता. म्हणाले, मदिरा वाइनचं काय? ती तर उष्णतेनेच सुधारते. हे खरं आहे, आणि कबूल करायला मला लाज वाटत नाही. पोर्तुगालच्या मदिरा बेटावरची ही वाइन पिंपांतून जहाजावर चढायची, उष्ण कटिबंधातून हिंदुस्थानपर्यंत यायची आणि परत जायची. परत गेलेली वाइन अधिक चांगली लागते असं ध्यानात आलं, तेव्हा तिला मुद्दाम अशी सफर घडवू लागले. पुढे बेटावरच तापवायची पद्धत पडली. इतकं सोसल्यावर तिचं आता कुणी काही बिघडवू शकत नाही. उघडलेली बाटलीही महिनोन् महिने टिकते. तिला आमचा माळा म्हणजे माहेर. पण साडूबुवा, बाटलीवर ‘मदिरा’ लिहिलेलं असेल तरच हा युक्तिवाद चालेल. उन्हात बसलेला प्रत्येक माणूस तपस्वी नसतो.

बाटली उघडल्यावर काय करायचं, हेही सांगून टाकतो, कारण आपण तिथेही जपायला जातो. झाकण घट्ट लावून ती फ्रीजमध्ये ठेवावी, लालसुद्धा. साधी गोड वाइन आठवडाभरात संपवावी. खरी रूबी पोर्ट काही आठवडे निघते, टॉनी महिना-दीड महिना, आणि एवढी दिमाखाची व्हिंटेज पोर्ट मात्र दोन-तीन दिवसांतच मान टाकते. न उघडलेली बाटली काही महिने ठेवायचीच झाली, तर घरात तळघर नसलेल्या माणसाने फ्रीजचा आतला, खालचा कोपरा तिला द्यावा. कोथिंबिरीची जुडी वर सरकवली तर काही बिघडत नाही.

पण हे सगळं ऐकल्यावर मी मामांना म्हटलं, “चला, नवीन आणतो. उद्याच आणतो. आपण दोघं बसू.”

मामा हसले. “मला तीन वर्षांपूर्वी साखर निघाली. डॉक्टरने गोड बंद केलं, आणि हेही बंद केलं. आज तुझ्यासाठी एक घोट घेणार होतो.”

त्या रात्री मला झोप आली नाही. बँकेत आम्ही दोन बाजूंच्या नोंदी ताडून बघतो, तसा मी अंथरुणात पडून ताळा करत राहिलो. एक बाजू बाटलीची: ती चांगली होती २००८ पासून, फार तर दोन वर्षं. दुसरी बाजू मामांची: ते पिऊ शकत होते २०१९ पर्यंत. दोन्ही खाती चालू असताना मामा आमच्या घरी आले होते ती एकच खेप, २०१० सालची. तीन दिवस राहिले होते. सोफ्यावर बसले होते. बाटली सहा फुटांवर होती. आम्ही त्यांना पोहे दिले.

चांगला दिवस म्हणजे मोठा दिवस, हा अर्थ मी काढला होता, मामांनी नव्हे. त्यांच्या मनात एवढंच असणार, की पुढच्या वेळी येईन तेव्हा भाचा पेला पुढे करील. आमच्यासारखी माणसं वस्तू जपतात, आणि ज्याने दिली तो समोर बसून म्हातारा होत असतो तिकडे त्यांचं लक्ष जात नाही. ‘राहू द्या, मोडू नका’ हे वाक्य मी काउंटरवर आजही म्हणतो, कारण तो माझ्या पगाराचा भाग आहे. घरात मात्र ते मी बंद केलं आहे. डिनरसेट रोजच्या वापराला काढला. त्यातल्या दोन बशा फुटल्या. चालतंय.

मामा जायच्या आदल्या दिवशी मंगळवार होता. कसलाही सण नाही, कुणाचा वाढदिवस नाही, बँकेत सहामाही क्लोजिंगची धावपळ. येताना मी दुकानातून एक दिवसाचा परवाना करून घेतला आणि नाशिककडची गोड पांढरी वाइन आणली. द्राक्षं वेलावरच जास्त पिकू देतात आणि उशिरा तोडतात, त्यांची ही वाइन. बाटली अर्धी, पाऊण शिशी म्हणा ना. दोन माणसांत एका बैठकीत संपणारी, म्हणजे जपायचा मोहच नको. दोन तास फ्रीजमध्ये, आतमध्ये, ठेवली.

मी दोन पेले भरले, एक सौ.चा, एक माझा. मग तिसऱ्यात अगदी तळापुरती ओतली आणि मामांपुढे ठेवली. त्यांनी पेला उचलून दिव्यासमोर धरला. नवीन डोळ्याने नीट बघितला. मग नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

“ही बरोबर आहे,” मामा म्हणाले, आणि पेला माझ्याकडे सरकवला. “पी आता. गरम होतेय.”